ठाण्याचा इतिहास माणसांमधून सांगायचा तर कोणाला निवडावे?

घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या गणेशोत्सव मंडळाने यंदा देखाव्याऐवजी ‘ठाण्याची माणसे’ या विषयावर पंधरा-वीस फलकांचे प्रदर्शन मांडायचे ठरवले आहे. संकुलातील बहुतेक कुटुंबे गेल्या वीस वर्षांत ठाण्यात आलेली आहेत. निवडीवरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एका गटाला राजे व सेनापती हवे आहेत, तर दुसऱ्याला कलावंत आणि नेते. कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे आणि सुरुवात कोठून करावी, असे मंडळाच्या कार्यवाहांनी विचारले आहे. स्थानिक इतिहास शिकवणे आणि जुन्या ठाण्यातून अभ्यासफेऱ्या काढणे हे माझे अनेक वर्षांचे काम असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो.

प्रथम निकष ठरवावा, नावे मागाहून येतील. प्रसिद्धी हा निकष ठेवला तर यादी मुंबईची किंवा पुण्याची होईल. ठाण्यात जन्म हा ठेवला तर ती फारच तोकडी होईल. मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला सांगतो: ही व्यक्ती बाजूला काढली, तर आज ठाण्यात डोळ्यांना दिसणारी कोणती गोष्ट उलगडेनाशी होते? काहीच अडत नसेल तर ते नाव कितीही मोठे असले तरी या प्रदर्शनात त्याचे काम नाही. या कसोटीला राम गणेश गडकरी उतरत नाहीत. १९७८ पासून तलावपाळीवर उभ्या असलेल्या रंगायतन या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, पण गडकऱ्यांचा जन्म नवसारीचा आणि मृत्यू सावनेरचा. दुसऱ्या नाट्यगृहाला ज्यांचे नाव आहे, त्या काशिनाथ घाणेकरांच्या बाबतीतही हेच. वास्तूला दिलेले नाव हा शहराने केलेला गौरव असतो, त्यावरून वास्तव्य सिद्ध होत नाही. मंडळातील निम्मे वाद एवढ्या भेदाने मिटावेत.

ही कसोटी लावून यादी करू लागलात की एक गोष्ट आपोआप समोर येईल, आणि माझ्या मते प्रदर्शनाचे सूत्र तेच असावे. ठाणे ज्यांनी घडवले किंवा ज्यांच्यामुळे ते इतिहासात नोंदले गेले, त्यांतील बहुसंख्य माणसे बाहेरून आलेली होती. कोणी राजाश्रयासाठी आले, कोणी व्यापारासाठी, कोणी सरकारी हुकुमाने, तर कित्येकांना बेड्या घालून आणले गेले. ‘मूळ ठाणेकर कोण’ हा वाद आपल्या संकुलातही कधीमधी निघत असेलच. त्याला या सूत्राने परस्पर उत्तर मिळते.

सुरुवात शिलाहारांपासून करावी, पण राजांच्या वंशावळीपासून करू नये. उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी म्हणजे श्रीस्थानक, आजचे ठाणे. तिथल्या दरबारात ११ व्या शतकात सोड्ढल नावाचा संस्कृत कवी होता. हा कायस्थ कुळातला आणि मूळचा लाट देशाचा, म्हणजे दक्षिण गुजरातचा. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणि या तिघा शिलाहार बंधूंचा आश्रय त्याला लाभला आणि ‘उदयसुंदरीकथा’ हे त्याचे गद्यपद्यात्मक काव्य आजही उपलब्ध आहे. ठाण्याच्या लेखकांची यादी करायची तर पहिले नाव याचे. दुर्दैवाने ते ठाण्यात कोणाच्या तोंडी नसते. मुम्मुणीच्या काळातला, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे, त्यामुळे या फलकाला लोकलने जाऊन पाहता येईल अशी वास्तूही मिळते.

पुढच्या शतकातील अपरादित्य हा राजा घ्यावा, मात्र त्याच्या लढायांसाठी नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘अपरार्क’ ही टीका त्याच्या नावावर आहे आणि धर्मशास्त्राच्या अभ्यासात तिचा आधार अजूनही घेतला जातो. त्याने तेजकंठ नावाचा विद्वान काश्मीरला पाठवला होता आणि तेथील पंडितसभेत तो हजर असल्याचा उल्लेख मंख या काश्मिरी कवीने केला आहे. बाराव्या शतकात ठाण्याच्या दरबारातून निघालेला माणूस काश्मीरच्या विद्वानांमध्ये बसतो, ही गोष्ट चित्रासह मांडली तर लहान मुलेही थांबून वाचतील.

याच काळासाठी आणखी एक साधन आहे. १७८७ साली इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामासाठी खणले तेव्हा ताम्रपट सापडला. तो शिलाहार राजा अरिकेसरीचा, शके ९३९ चा म्हणजे इसवी सन १०१७ चा निघाला आणि कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापले गेले. भारतीय ताम्रपटांच्या अभ्यासाला नुकती कुठे सुरुवात होत होती, अशा वेळचे हे प्रकाशन आहे. दान एका पुरोहिताला दिलेले आहे, पण आज्ञा सांगताना राजा आप्त, मंत्री, पुरोहित यांच्याबरोबर नगरवासीयांनाही उद्देशून बोलतो. सामान्य ठाणेकराचा इतका जुना लेखी उल्लेख दुसरीकडे शोधावा लागेल. माझे मत विचाराल तर प्रवेशद्वारापाशी पहिला फलक याच ताम्रपटाचा लावावा.

मध्ययुगातील परदेशी प्रवाशांची नावे भराभर गोळा करण्याचा मोह होईल. मार्को पोलोने ठाण्याचे वर्णन केले आहे, अल्बेरुनीने त्याहून आधी उल्लेख केला आहे. एका ओळीत आटोपावे, कारण त्यांच्यापैकी कोणी ठाणेकर नव्हते. अपवाद १३२१ च्या प्रसंगाचा. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री असे चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्यात येऊन एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाकडे उतरले होते. काझीपुढे धर्मावरून वाद झाला आणि त्यांना ठार मारण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात ओडोरिक हा इटालियन प्रवासी येथे आला, त्याने त्यांच्या अस्थी चीनपर्यंत नेल्या आणि हकीकत लिहून ठेवली. गणेशोत्सवात हा फलक लावावा की नाही, अशी शंका कोणीतरी काढील. माझ्या मते लावावा, पण मजकुराचा रोख त्या यजमान कुटुंबाकडे ठेवावा. चौदाव्या शतकाच्या आरंभी ठाण्यात हिंदू, मुसलमान आणि पौर्वात्य ख्रिस्ती शेजारी राहत होते, ही माहिती त्या हकीकतीतूनच मिळते आणि आपल्या विषयाला तीच महत्त्वाची आहे.

आता किल्ला. प्रदर्शनातील सर्वांत मोठी जागा त्याला द्यावी, कारण ठाण्यातील एवढी माणसे दुसऱ्या कुठल्याच एका वास्तूत एकत्र येत नाहीत. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास त्याचे काम सुरू केले आणि ते पुरे होण्याआधीच मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. येथे चिमाजी आप्पांचे चित्र लावून थांबण्याची प्रथा आहे. त्यांचे नाव हवेच. परंतु साष्टीच्या, म्हणजे ठाणे ज्यावर वसले आहे त्या बेटाच्या, मोहिमेची आतून तयारी करणारे अंजूरचे गंगाजी नाईक आणि मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे ही इथली माणसे होती. वाटा, उतार, भरती-ओहोटी आणि पोर्तुगीज ठाण्यांची खबर यांसाठी अशा माणसांवाचून वसईची मोहीम उभीच राहिली नसती. अंजूर हे खाडीपलीकडे, भिवंडीच्या बाजूला आहे आणि आपल्या संकुलातून तासाभरात गाठता येते.

२८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी किल्ला जिंकला. त्या वेढ्यात त्यांचा आरमारी अधिकारी कमोडोर जॉन वॉटसन प्राणघातक जखमी झाला. यापुढे हळूहळू या वास्तूचा तुरुंग होत गेला. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या १८१५ मधील खुनानंतर दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे यांना इंग्रजांनी येथे ठेवले. सप्टेंबर १८१६ मध्ये ते निसटले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. एक मराठी मोतद्दार घोड्याची निगा राखताना गाणी म्हणत असे आणि पळून जाण्याचा सगळा बेत त्या गाण्यांतून कैद्याच्या कानावर जाई, पहारेकऱ्यांना मात्र त्यातले अक्षरही कळत नसे. त्र्यंबकजी पुढे चुनारच्या किल्ल्यात कैदेत असताना बिशप हेबर यांनी ही हकीकत लिहून ठेवली. प्रेक्षकांना हा फलक सर्वाधिक आवडेल, असा माझा अनुभव आहे. म्हणूनच मजकुरात त्र्यंबकजींना सरसकट वीरनायक करू नये. शास्त्र्यांच्या खुनाचा आरोपही तितक्याच स्पष्टपणे लिहावा.

त्यापुढची नावे अधिक गंभीर आहेत. अकोले तालुक्यातील देवगावचे महादेव कोळी समाजातील राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्यात फाशी देण्यात आले. वासुदेव बळवंत फडके यांना एडनला पाठवण्यापूर्वी येथे ठेवले होते. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या २१ डिसेंबर १९०९ च्या वधानंतर अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी याच कारागृहात फाशी झाली. विनायक दामोदर सावरकर अंदमानला नेले जाण्याआधी काही काळ येथे होते. यांच्यापैकी कोणी ठाण्यात घर केले नाही, तरी माझ्या निकषात ते बसतात. ठाणेकर रोज ज्या भिंतीवरून जातात, ती भिंत त्यांच्याशिवाय नुसती जेलची भिंत राहते. राघोजी भांगरे यांचा फलक कान्हेऱ्यांच्या फलकाएवढाच असावा. आदिवासी नायकाला कोपऱ्यात छोटीशी चौकट देण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

किल्ल्यावरून टेंभी नाक्याकडे वळावे. इंग्रजी अंमल आल्यावर पारशी कुटुंबे येथे वसली आणि त्यांची अग्यारी उभी राहिली. बेने इस्रायली समाजाचे सिनेगॉग १८७९ चे. जवळच सिव्हिल हॉस्पिटल, ज्याचे अधिकृत नाव विठ्ठल सायन्ना या देणगीदाराचे आहे. रुग्णालयात जन्मलेल्या हजारो ठाणेकरांना हे नाव फक्त केसपेपरवर ठाऊक असते. मासुंदा तळ्याच्या, म्हणजे तलावपाळीच्या, काठचे कौपिनेश्वराचे आजचे देऊळ १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी बांधवले, आणि त्याच तळ्याच्या दुसऱ्या अंगाला पोर्तुगीज काळापासूनचे सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च आहे. या सर्वांसाठी वेगवेगळे फलक करू नयेत. एक मोठा नकाशा काढून त्यावर माणसांची नावे टाकावीत. पायी अर्ध्या तासात पाहून होणारा हा परिसर आहे आणि नकाशा पाहिला की त्याची दाटी आपोआप कळते.

रेल्वेचा फलक सगळेच लावतात: १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित. यात नवे काही सांगायचे नसेल तर तो लहान ठेवावा. नाना शंकरशेट यांचे नाव येथे घ्यावे. ते या रेल्वे कंपनीच्या संचालकांपैकी होते आणि त्यांचा जन्म ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा.

रेल्वेनंतरच्या ठाण्याचा खरा माणूस मला विनायक लक्ष्मण भावे वाटतो आणि त्यांच्यासाठी मी दोन फलक राखून ठेवीन. त्यांच्याआधी काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ मध्ये येथून ‘अरुणोदय’ साप्ताहिक सुरू केले होते, म्हणजे छापखाना आणि वाचक दोन्ही गावात तयार झाले होते. भाव्यांचा जन्म १८७१ चा, पनवेलजवळच्या पळस्प्याचा. शिक्षण विज्ञानाचे, व्यवसाय मिठागरांचा. ठाण्याच्या खाडीकाठाचे अर्थकारण ज्या मिठावर चालत होते, त्याच धंद्यातला हा गृहस्थ. त्याने १८९३ साली, म्हणजे ऐन बाविशीत, विष्णु भास्कर पटवर्धन यांच्यासह मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. त्या काळी गावोगावी ‘नेटिव जनरल लायब्ररी’ होत्या, पण त्यांत इंग्रजी पुस्तकांचा वरचष्मा असे. मराठी ग्रंथ तेवढे जमवायचे आणि जपायचे, या हेतूने उभी राहिलेली ही संस्था मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापेक्षाही पाच वर्षांनी वडील आहे. मुंबईने ठाण्याकडून काही उचलले, असे सांगता येणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक.

भाव्यांचे दुसरे काम अधिक कष्टाचे होते. जुन्या कवितेच्या हस्तलिखित पोथ्या मिळवायच्या, पाठ ताडून पाहायचे आणि छापायच्या, हा उद्योग त्यांनी ‘महाराष्ट्र कवि’ या १९०३ मध्ये सुरू केलेल्या मासिकातून केला. मराठी वाङ्मयाचा आरंभापासूनचा सलग इतिहास सांगणारा त्यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ प्रथम ‘ग्रंथमाला’ मासिकातून प्रसिद्ध झाला आणि १९१९ च्या आवृत्तीत पुष्कळ वाढला, पुढे शं. गो. तुळपुळे यांनी त्याला पुरवणी जोडली. पहिल्या आणि दुसऱ्या आवृत्तीमधील काळात महानुभावांचे सांकेतिक लिपीत झाकलेले वाङ्मय अभ्यासकांपुढे उघड होऊ लागले होते आणि भाव्यांनी त्याचा समावेश करून आपलाच ग्रंथ नव्याने रचला. त्यातील काही निर्णय आज टिकत नाहीत, हे वाङ्मयाचा कोणीही विद्यार्थी सांगेल. तरीसुद्धा विद्यापीठात मराठीला धड जागा नसताना, मिठागरांचा हिशेब सांभाळून एका माणसाने हे ठाण्यात बसून केले. त्यांचे निधन १९२६ मध्ये झाले. ग्रंथसंग्रहालय अजून चालू आहे आणि आपले साहित्य शोधायला पहिली खेप तिथेच घालावी लागेल.

साहित्याच्याच ओघात सांगतो: ठाण्यात १९६०, १९८८ आणि २०१० साली अखिल भारतीय साहित्य संमेलने झाली आणि रा. श्री. जोग, वसंत कानेटकर व उत्तम कांबळे हे त्यांचे अध्यक्ष होते. हे तिघेही पाहुणे होते, तेव्हा त्यांचे फलक नकोत. त्याऐवजी पी. सावळाराम घ्यावेत. सांगली जिल्ह्यातील येडेनिपाणीचे निवृत्ती रावजी पाटील ठाण्यात आले, भावगीतांचे जनकवी म्हणून घराघरांत पोहोचले आणि ठाण्याचे नगराध्यक्षही झाले. गीतकाराने नळपाणी आणि गटारांच्या फायली हाताळल्या, असे उदाहरण महाराष्ट्रात दुर्मीळच. त्यांच्याबरोबर पंडित राम मराठे. जन्म पुण्याचा, पण गायक आणि गुरू म्हणून ते ठाणेकर झाले आणि महापालिकेचा संगीत महोत्सव त्यांच्या नावाने भरतो.

उद्योगांसाठी एक फलक पुरे. रेमंडची गिरणी १९०० च्या सुमारास वाडियांनी काढलेली लोकरीची गिरणी होती. ती सॅसून कंपनीकडे गेली, तेव्हा कंपनीच्या संचालकांच्या आडनावावरून १९२५ मध्ये तिला हे नाव मिळाले आणि १९४४ मध्ये ती सिंघानियांकडे आली. गिरणी गेली, जमिनीवर इमारती आल्या, नाव मात्र राहिले. वागळे इस्टेटमध्ये नोकरी केलेले निवृत्त लोक आपल्या संकुलात नक्की असतील, त्यांचे एक-दोन जुने फोटो येथे शोभतील.

राजकीय नेत्यांबाबत सरळ नियम करावा आणि तो फलकावर छापावा: हयात व्यक्ती घ्यायची नाही. मग रामभाऊ म्हाळगी येतात, आनंद दिघे येतात. दिघ्यांचे निधन २००१ चे. त्यांच्याविषयी अजून आठवणी पुष्कळ आणि अभ्यास थोडा, म्हणून टेंभी नाक्यावरील नवरात्रोत्सव आणि दहीहंडी यांच्या संदर्भात त्यांना ठेवावे आणि विशेषणे टाळावीत.

यादी पाहून कोणी म्हणेल की यात स्त्रिया कोठे आहेत. आक्षेप योग्य आहे आणि ओढूनताणून नाव घालून तो मिटणार नाही. जिल्हा जमेस धरला तर कल्याणच्या जोशी घराण्यातील डॉ. आनंदीबाई आणि तलासरीच्या वारली चळवळीतील गोदावरी परुळेकर घेता येतात. मात्र फलकावर ‘ठाणे जिल्हा’ असे स्पष्ट लिहावे, तलासरी २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे हेही. खुद्द शहरासाठी मी चेंदणी कोळीवाड्याचा फलक करीन. मासळीबाजार चालवणाऱ्या कोळणी, मिठागरांवर राबणाऱ्या आगरी बाया, यांची नावे कागदोपत्री आली नाहीत, पण त्यांच्या घरांत ती अजून सांगितली जातात.

साधनांविषयी दोन शब्द. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर हा पाया धरावा, पण त्यातील जातींची वर्णने जशीच्या तशी उचलू नयेत. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये छापलेली महिकावतीची बखर बिंब राजाच्या कथेसाठी वापरायची असेल तर ‘बखरीनुसार’ हा शब्द वाक्याच्या आरंभी यावा. शंभर-सव्वाशे शब्दांपेक्षा मोठा मजकूर उभ्याने कोणी वाचत नाही. कारागृहाच्या आत छायाचित्रे घेता येणार नाहीत, बाहेरून घेण्यापूर्वीही विचारून घ्यावे.

शेवटचा फलक आपल्या दारातला असावा. कोलशेत, बाळकुम, माजिवडे, कावेसर, ओवळे ही गावठाणे तुमच्या इमारतींच्या आधीपासून तेथे आहेत, येऊरच्या पाड्यांवर वारली कुटुंबे आहेत आणि रस्त्याच्या टोकाला घोडबंदरचा पोर्तुगीज किल्ला आहे. गावठाणातील दोन-तीन वृद्धांना भेटून शेती, रेती आणि होड्या यांच्या हकीकती त्यांच्या संमतीने लिहून घ्या. हे काम श्रावण लागण्यापूर्वी उरकावे. गोकुळाष्टमी जवळ आली की ठाण्यात कोणालाही बसून बोलायला वेळ नसतो.